बिरूला नकाशा दिसत नव्हता

आमची कंपनी त्या पोस्टवर ऑक्टोबरमध्ये चढली. उंची तेरा हजार फूट. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझ्या हाताखाली नऊ जवान. त्यांत लान्स नाईक बिरुदेव, माळशिरसजवळच्या वस्तीवरचा धनगराचा पोरगा. माझं गाव उजनीच्या काठावर. जिल्हा एकच निघाल्यावर त्याची थट्टा करायचा हक्क मला आपोआप मिळाला.

दिवस ठरलेला असे. पाचला स्टँड-टू, म्हणजे शस्त्रं घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, सातला चहा, मग बर्फ उपसणं आणि शस्त्रांची सफाई. पोस्टच्या वर दोनशे मीटरवर ओ.पी. होती, म्हणजे टेहळणीचा खड्डा. तिथं दोघं बसायचे. सामान एवढंच: दुर्बीण, रेडिओ सेट, नकाशा.

बिरूला दुर्बीण लागायची नाही, असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मी शेजारी बसून पाहिलंय. समोरच्या धारेवर दीड किलोमीटरवर काळे ठिपके हलायचे. मी दुर्बीण डोळ्याला लावायच्या आत तो म्हणायचा, "आपलीच मान्सं हायती. म्होरं शिंदे हाय. डावा पाय टाकताना खांदा पाडतोय बगा." मी पाहायचो, तर तो शिंदेच असायचा.

"हे कुठं शिकलास रे?"

"आमी मेंढरं आकड्यानं मोजत न्हाय, साहेब. माळावर पसरली की चालीवरनं वळखायची. कुटलं न्हाय ते आपसूक कळतं."

मग साहजिकच मी त्याला ओ.पी.वर जास्त ठेवू लागलो. तीच माझी चूक.

संध्याकाळी तो डोकं धरून बसायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. आम्ही बर्फाला दोष द्यायचो. घरचं पत्र आलं की ते माझ्यापुढं धरायचा, "तुमीच वाचा की. माजं डोकं दुकतंय." दहावी काठावर पास झालेला गडी, वाचायचा कंटाळा असणार, असं मी धरून चाललो. आळशी म्हणून दोनदा झापलंही. भरतीच्या वेळी लांबचा तक्ता त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. असल्या माणसाच्या डोळ्यांत खोट असेल हे कोणाच्या डोक्यात येणार? आणि तो तरी कसा सांगणार? चष्मा म्हातार्‍यानं लावावा नाहीतर मास्तरानं, असं मानणार्‍या घरातला तो. शिवाय लष्कर घरी पाठवील ही भीती.

फेब्रुवारीतली दुपार. नायब सुभेदार मोरेसाहेब शिंदे धरून चार जवान घेऊन शेजारच्या पोस्टकडे गस्तीला निघाले होते. ओ.पी.वर मी आणि बिरू. दीड वाजता सेटची जादा बॅटरी आणायला मी खाली पोस्टवर उतरलो. दोनला वारा सुटला. वार्‍यानं जमिनीवरचा बर्फ उडायला लागला आणि वरून ढग उतरला.

दोन वाजून दहा मिनिटांनी बंकरमधल्या सेटवर मोरेसाहेबांचा आवाज आला. "वाट सुटली आहे. पायापुढचं दिसत नाही. ओ.पी., आम्ही दिसतोय का? ओव्हर."

"दिसताय, साहेब. ढगाची उघडझाप हाय. हलू नका. उजव्या हाताला खाली जमीन न्हाय. ओव्हर."

त्याचा अर्थ मला कळला. वारा धारेच्या बाहेर बर्फाचा सज्जा बांधतो. वर उभ्या माणसाला ती जमीन वाटते आणि खाली दरी असते. पाचही जण त्या सज्ज्यावर होते.

"आमची जागा सांग. नकाशावरनं ग्रिडचे आकडे दे. मी कंपासवर निघतो. ओव्हर."

"ग्रिड. चार. दोन." मग नुसती खरखर.

"पुढं बोल. ओव्हर."

"साहेब, सहा हाय का आठ, मला दिसंना."

"नकाशा भिजला का?"

"न्हाय. नकाशा चांगला हाय. मला जवळचं दिसत न्हाय. लई दिवस झालं. कुणाला बोललो न्हाय."

सेट खुला होता. कंपनी कमांडरपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. अशा कबुलीनं नोकरी जाऊ शकते हे बिरूला पक्कं माहीत होतं. अंदाजानं एक आकडा ठोकला असता तर त्याचं गुपित झाकून राहिलं असतं आणि पाच माणसं दरीत गेली असती.

मोरेसाहेब शांतपणे म्हणाले, "दिसतंय ते सांग. ओव्हर."

"मी सांगतो तसं चाला. आदी शेवटचा गडी मागं सरू द्या. तीन पावलं. बास."

मी बॅटरी घेऊन वर निघालो. त्या उंचीवर, मांडीभर बर्फात, दोनशे मीटरला अर्धा तास लागला. पोचलो तेव्हा बिरू खड्ड्यात उभा होता. दुर्बीण गळ्यात तशीच, नकाशा पायाशी. "शिंदे, डावीकडं. आजून. आता सरळ. म्होरच्याचा हात सोडू नगंस." ढग आला की "थांबा", गेला की "चला". रेडिओचे सगळे नियम तो विसरला होता. मीही आठवण करून दिली नाही. मी पाहतच राहिलो. अठरा वर्षांच्या नोकरीत तसं काही मी पाहिलं नव्हतं.

दोन पंचावन्नला पाचही जण खडकावर आले. बिरू पायाशी पडलेला नकाशा उचलत म्हणाला, "आता मला घरी लावत्याल." दुसर्‍या दिवशी हवा उघडली तेव्हा तो सज्जा तिथं नव्हता.

घरी कोणी लावलं नाही. बेसच्या रुग्णालयात डॉक्टरसाहेबांनी त्याला तपासलं आणि मला समजावलं. याला दूरदृष्टिता म्हणतात. बिरूच्या डोळ्याचा गोळा थोडा आखूड, त्यामुळं प्रतिमा पडद्याच्या मागं जमते. तरुण डोळा आतलं भिंग जोरानं फुगवून ती पडद्यावर आणतो. लांबचं असं निभतं. जवळच्याला जोर कितीतरी जास्त लागतो. डोळा थकला की अक्षरं पसरतात, डोकं ठणकतं.

"मग लांबचं तरी त्याला आरामात दिसत होतं ना?" मी विचारलं.

"नाही. सकाळी उघडल्यापासून तो डोळा राबतच होता. आणि चालीवरून माणूस ओळखणं ही मेंढरांमागं फिरल्याची कमाई, आजाराची नव्हे."

ज्याला मी आळशी म्हणालो होतो, त्याचे डोळे झोपेतच काय ती विश्रांती घेत होते. मला स्वतःची लाज वाटली.

बिरूला प्लसचा चष्मा मिळाला. पहिल्या दिवशी त्यानं सगळी जुनी पत्रं काढली आणि संध्याकाळी माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "साहेब, तुमी गाळून वाचत व्हता की!"

खरं होतं. त्याच्या बायकोनं, सुमननं लिहिलेल्या काही ओळी मोठ्यानं वाचायला मला संकोच वाटे. त्या ओळी त्यानं आता स्वतः वाचल्या होत्या. चेहरा लाल झाला होता.

पुढच्या जानेवारीत, सकाळी नऊ वीसला, रेशन आणणार्‍या पार्टीवर बर्फाचा कडा कोसळला. तिघं वाचले. लान्स नाईक बिरुदेव चौथ्या दिवशी सापडला. त्याला तिरंग्यात माळशिरसला मीच घेऊन आलो. तेव्हा त्याची मुलगी रेणुका धड चालतही नव्हती.

आता मी निवृत्त होऊन सोलापुरात राहतो. रेणुका चौथीत आहे. मध्यंतरी सुमनचा फोन आला. "भावजी, बाई म्हणत्यात पोरगी फळ्यावरचं नीट लिवती, पन पुस्तक म्होरं धरलं की रडती. डोकं दुकतंय म्हणती. ढ हाय म्हणत्यात."

मी म्हणालो, "उद्याच्या पहिल्या एस.टी.नं या."

सात रस्त्याजवळ डोळ्यांच्या डॉक्टर आहेत. त्यांना मी दारातच सांगितलं, लांबचा तक्ता वाचून घेऊन पोरीला सोडू नका. त्या हसल्या, पण औषध घालून सगळी तपासणी केली. चार दिवसांनी चष्मा घ्यायला आम्ही तिघं पुन्हा गेलो. डॉक्टरबाईंनी रेणुकाच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिलं. तिनं नवा चष्मा नाकावर नीट सरकवला आणि एका अक्षरावर बोट ठेवलं.

"काका, अक्षरं एवडी काळी असत्यात?"

"असतात."

"पप्पांना पन चष्मा लावल्यावर असंच दिसलं?"

"व्हय."

"किती दिवस?"

"अकरा महिने," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पान उलटलं. सुमन खिडकीकडं तोंड करून उभी होती. रेणुका मोठ्यानं वाचू लागली आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो.