काडीसारख्या माणसाचं बीपी

लातुरात क्लासच्या फाटकावर एक म्हातारा रोज नातीचा डबा घेऊन यायचा. मी नातवाचा न्यायची. तो अंगानं काडीसारखा. भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघाला होता, म्हणून आता आपल्याला काही होत नाही अशी त्याची समजूत. क्लास सुटेपर्यंत भजी खायचा आणि हळूच मान दाबायचा. त्या मान दाबण्यावरूनच मला बीपीचा संशय होता.

"बीपी बघून घ्या की," मी म्हणायची.

"ते तुमच्यासारख्या जाड्यांना असतंय बाई. माझ्या अंगावर चरबी हाय कुठं?"

"वजन उतरवलं तर माझं बीपी खाली आलं, हे खरं. पण डॉक्टर म्हणाले, बारीक माणसाच्या बी रक्ताच्या नळ्यांत चरबी साचती. ती दिसत न्हाई."

शेवटी त्याला समोरच्या औषधाच्या दुकानात ओढून नेलं. बीपी फारच वाढलेलं निघालं.

"मशीनचा पट्टा ढिला हाय," तो म्हणाला. मग आवाज उतरला. "नातीला सांगू नका. परीक्षा सोडून मला गावाकडं घेऊन जाईल."

क्लास सुटला, नात आली. मी तिला सगळं सांगून टाकलं.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. डबा घेऊन मात्र रोज येत राहिला.