अण्णांनी पारखून दिलेला कॅमेरा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणी वाचणार नाही, पण वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. शूटिंगवाल्या अण्णांबद्दल लिहून ठेवायचं आहे.

अण्णा कुठल्याच दुकानात चहा पीत नसत. "चहा पिला की तोंड बंद होतं, अम्मा. मग भाव कसा पाडायचा?" नांदेडच्या आमच्या गल्लीत त्यांनी उभी हयात लग्नांच्या शूटिंगवर काढली. घरात तेलुगू, बाहेर आमची मराठी; मला मात्र तेलुगूतलं 'अम्मा'च म्हणत. भाजीवाला हसून बोलला तरी ते पिशवी ओतून एकेक टमाटा फिरवून बघत.

चाकूरची माझी मावशी बाबासाहेबांवरची गाणी म्हणते. तिच्या सासूनं रचलेली, कुठंच लिहिलेली नाहीत. तिला आता दम लागायला लागला होता. ती गाऊ शकते तोवर मला त्या गाण्यांचा खराखुरा सिनेमा करायचा होता, विहारात मोठ्या पडद्यावर दाखवण्यासारखा. मोबाइलवर करून बघितला, तर निम्म्या गाण्यात तो तापून बंद पडला आणि मावशीचा आवाज डब्यातून आल्यासारखा आला. मला चार माणसांत बोलता येत नाही. पण कॅमेऱ्यामागं उभी राहिले की सगळे समोर बघतात, माझ्याकडं कुणी बघत नाही. म्हणून बचत गटातून कर्ज उचललं आणि अण्णांना म्हटलं, परवडेल असा चांगला कॅमेरा बघून द्या.

पहिल्या दुकानात दुकानदार म्हणाला, "फोर के आहे काका, एकदम सिनेमावाला."

"के किती हायत ते राहू दे. माइकची पिन लावायचं भोक दाखव."

भोक नव्हतं. आम्ही उठलो.

दुसऱ्या दुकानात त्यांनी ट्यूबलाइट बंद करायला लावली आणि मला कोपऱ्यात उभं केलं. "उजेडात कोणताबी कॅमेरा गोडच दिसतो. अंधारात मुंग्या येतात का, ते तू बघ." कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं, तर माझ्या तोंडावर नुसत्या ठिपक्यांच्या मुंग्या वळवळत होत्या. तिसऱ्या दुकानात कॅमेरा चालू करून उन्हात ठेवला आणि स्वतः सावलीत बाकड्यावर बसून राहिले.

"काका, घ्यायचा का न्हाई?" दुकानदार वैतागला.

"गाणं मधीच थांबत न्हाई बाबा. तुझा कॅमेरा थांबतो का ते बघून राहिलो."

थांबला.

अण्णा एवढं हिंडले, पण रिक्षाचं भाडंही माझ्याकडून घेतलं नाही. शेजारीण म्हणाली, "फुकट कोण हिंडतं गं? कमिशन असंल." ते माझ्या मनात रुतून बसलं.

मग अण्णा म्हणाले, लातूरला त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानात एक वापरलेला कॅमेरा आहे. घरगुती वापर, माझ्या पैशात बसेल. आम्ही गेलो. त्या दुकानात अण्णांनी ट्यूबलाइट बंद केली नाही. कॅमेरा उन्हात ठेवला नाही. मेव्हण्यानं मागवलेला चहा मात्र मुकाट्यानं प्यायले. मी त्या कपाकडं बघत राहिले. तरी पैसे दिले. परतीच्या बसमध्ये चाकूर आलं आणि गेलं, मी बॅग मांडीवर धरून बसले होते.

घरी कॅमेरा पुसताना बॅटरीच्या खाचेतून तांदळाचा दाणा पडला. पिवळा. आमच्या लग्नात फुलं टाकतात, पण अक्षता मला ओळखू येतात. म्हणे घरगुती वापर! दाणा तळहातावर घेऊन तशीच अण्णांच्या दारात गेले.

"हा कुणाच्या लग्नातला, अण्णा?"

त्यांनी माझा हात डोळ्यांजवळ ओढला. "काय हाय? दिसंना."

मी सांगितलं, कॅमेऱ्यातून पडलेली अक्षता. ते खाली बसले. "माझाच कॅमेरा हाय."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. शेवटच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये नवरीच धूसर आली. तिच्या बापानं पैसे तर दिले नाहीतच, वर मांडवात बोल लावले. ऑपरेशनसाठी कॅमेरा मेव्हण्याकडं विकायला ठेवला होता.

"मला सांगायचं ना."

"माझा हाय म्हटलं असतं तर घेतला असतास?"

"न्हाई."

"मग? चीज खरी हाय, अम्मा. दुकानात काय तपासू? त्याची नस न् नस मला ठाऊक." मग म्हणाले, "तुझे पैशे दर म्हैन्याला थोडे थोडे फेडतो, फिटले की कॅमेरा परत घेतो. तोवर तू चालव. थांबला तर माझ्या दारात आणून आपट."

मावशी चाकूरला संध्याकाळी एका बल्बाखाली गायली. मुंग्या आल्या नाहीत. दम लागून ती मध्ये थांबली, तो श्वाससुद्धा स्वच्छ आला. कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता. परत आल्यावर मी अण्णांना म्हटलं, राहिलेले पैसे देऊ नका, मला कॅमेरा पसंत आहे.

ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी त्यांनी मला न्याहाळलं. "का सोडून राहिलीस? काय डाव हाय तुझा?"

आणि दर महिन्याला देत राहिले.

मग ते कायमचे निजामाबादला, लेकीकडं निघाले. जायच्या दिवशी शेवटचे पैसे घेऊन आले. मी कॅमेऱ्याची बॅग त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती पायानं माझ्याकडं सरकवली.

"मग हे पैसे कशाचे, अण्णा?"

"कॅमेऱ्याचे न्हाईत. खोटं बोललो त्याचे हायत. मोज."

"राहू द्या हो."

"मोज म्हणतो ना. माझ्यावर इश्वास ठेवू नको."

मला मोजायची गरज वाटत नव्हती. तरी त्यांच्यासाठी, त्यांच्यासमोर, एकेक नोट उजेडात धरून मोजली. पैसे पूर्ण होते.