परतीचं पाकीट

महाल भागात रुपराव निखाऱ्यांचं घर विचारलं तर पानठेल्यावरचा माणूस आधी हसतो आणि मग बोट दाखवतो. "ते लाटसाहेबाचे फोटोवाले? त्या गल्लीत, डाव्या हाताले."

रुपराव जन्मभर धंतोलीतल्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसले. दिवसभर 'ए बाबू, माहा नंबर कवा?' ऐकायचं आणि संध्याकाळी सायकल हाणत घरी यायचं. असल्या माणसाला इंग्लंडच्या उमरावांच्या सह्या जमवायचा नाद लागावा, हे नवलच. झालं असं की जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्यांना एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात तिकडच्या समस्त लॉर्ड-लेडींची नावं आणि पत्ते. गंमत म्हणून एकाला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी सहीचा फोटो आला आणि सोबतच्या चिठ्ठीत शाईनं लिहिलेलं, 'डियर मिस्टर निखारे'. खिडकीवरच्या बाबूला कुणीतरी पहिल्यांदाच मिस्टर म्हटलं होतं. संपलं. माणूस कामातून गेला.

या छंदाची एक रीत आहे. पत्रासोबत आपला पत्ता लिहिलेलं रिकामं पाकीट पाठवायचं, म्हणजे साहेबाला सही करून तिकीट लावण्यापलीकडे त्रास नको. रुपरावांचं अक्षर डॉक्टरांच्या संगतीत पार बिघडलेलं. तेव्हा परतीचं पाकीट लिहायचं काम आलं बायकोकडे. गोपिकाबाई मौद्याकडच्या, नववी शिकलेल्या, अक्षर सुरेख. पोळ्या आटोपल्या की पदराला हात पुसून बसायच्या आणि एकेक इंग्रजी अक्षर कोरून काढायच्या.

"ते गोरे तुमचे कोन लागते जी? आपल्या भाच्याले कधी दोन ओळी लिवल्या नाई तुमी," असं टोचायच्या आणि लिहायच्याही.

एरवी त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. 'अवो', नाहीतर 'मिनलचे बाबा'. लग्नात उखाण्याची पाळी आली तेव्हा ज्या आत पळाल्या त्या पळाल्याच. शेवटच्या आजारात नर्सनं पतीचं नाव विचारलं, तर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतानाही लेकीकडे बोट केलं: तू सांग. चाळीस वर्षांत त्यांच्याकडून रुपरावांचं नाव उमटलं ते फक्त त्या पाकिटांवर. ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. रुपरावांच्या तर नाहीच नाही.

तीन वर्षांपूर्वी गोपिकाबाई गेल्या. तेरवी होऊन आठवडा झाला असेल, दारात पोस्टमन दुर्गेशनं आवाज दिला, "काकाजी, विलायतचं!"

रुपरावांनी पाकीट घेतलं. सवयीनं कड फाडली, फोटो काढला, पाकीट चुरगाळून डब्यात टाकलं. तीस वर्षं हेच चाललं होतं. सही अल्बमात, पाकीट कचऱ्यात. फोटोतली म्हातारी लेडी दोन कुत्री घेऊन बसली होती. तिच्याकडे बघता बघता, जेवणं झाल्यावर, त्यांच्या एकदम लक्षात आलं की आज आपल्या हातात काय आलं होतं. ते ताडकन उठले. डबा रिकामा होता. कचऱ्याची गाडी केव्हाच गाणं वाजवत निघून गेली होती. सत्तरीचा माणूस अनवाणी चौकापर्यंत धावला आणि हात हलवत परत आला.

मग सगळे अल्बम जमिनीवर आले. एकशे त्रेसष्ट सह्या निघाल्या. पाकीट एकही नाही. गोपिकाबाईंची स्वतःची सही बँकेच्या कागदावर होती, रेशनच्या अर्जावर होती. पण त्यांच्या हातचं 'रुपराव' घरात कुठेच नव्हतं. दीडशेच्या वर वेळा तिनं आपल्याला नावानं हाक मारली आणि आपण ती कचऱ्यात टाकली.

त्या दिवसापासून घर त्यांना खायला उठलं. म्हणतात, भर दुपारी कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावं, कारण भूत तीनदा हाक मारत नाही. रुपराव एकाच हाकेसाठी कान देऊन बसू लागले. शेजारच्या पाण्याच्या मोटारीत, कुकरच्या शिट्टीत त्यांना 'रुप' ऐकू यायचं. 'राव' यायच्या आत सगळं शांत. दोनदा तर ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि रिकाम्या पाटाकडे बघत उभे राहिले.

अखेर त्यांनी जुनी वही काढली. कुणाकुणाला पत्र गेलं आणि उत्तर आलं नाही, ते तिच्यात टिपलेलं होतं. तीन नावं उरली होती. दोघं वारल्याचं नेटवर कळलं. राहिला स्कॉटलंडचा एक म्हातारा लॉर्ड, त्याला टाकलेलं पत्र त्या वेळी चार वर्षं जुनं. रुपरावांनी त्याला लिहिलं: फोटो नको, सही नको. माझ्या पत्रासोबतचं रिकामं पाकीट सापडलं तर तेवढं परत पाठवा. त्यावर माझ्या बायकोच्या हातचं माझं नाव आहे.

"बाबा, काय येड्यासारखं करून राह्यले?" मिनल म्हणाली. ती शाळेत शिकवायची, सरळ बोलायची. "त्यायनं ते कवाच फेकलं असन."

"फेकलं मी, वं," रुपराव म्हणाले. "त्यायनं काहून फेकावं?"

रोज बाराच्या सुमारास ते दारात उभे राहायचे. दुर्गेश दुरूनच मान हलवायचा. पुढेपुढे बिचाऱ्याला त्या गल्लीत शिरायचंच जिवावर यायला लागलं. आणि आठव्या महिन्यात तो सायकलवरूनच ओरडला, "काकाजी! विलायतचं!"

जाड, सायीच्या रंगाचं, देखणं पाकीट. त्यावर पत्त्याची छापील चिठ्ठी चिकटवलेली. छापील! रुपरावांनी ते न फोडता फ्रिजवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

संध्याकाळी मिनलनं ते फोडलं. सहीचा एक रुबाबदार फोटो निसटून पलंगाखाली गेला. तो कुणी उचलला नाही. मागून पत्र निघालं. लॉर्डच्या मुलीनं लिहिलं होतं: वडील वारले. तुमचं जुनं पत्र पाकिटासकट त्यांच्या टेबलाच्या खणात मिळालं. तुमच्या नावावर टपालाचा शिक्का बसू नये म्हणून तुमचं पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवते आहे.

आतलं पाकीट मिनलनं बापाच्या हातात दिलं आणि चहा ठेवायला गेली.

रुपरावांनी चष्मा सदऱ्याला पुसला. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. मधोमध इंग्रजीत, सावकाश कोरलेलं, मिस्टर रुपराव निखारे. त्यांनी अक्षरांखालून बोट नेलं, अगदी शेवटापर्यंत. दुसऱ्या-तिसऱ्या हाकेची वाट न पाहता त्यांनी मोठ्यानं ओ दिली.

"कोनाले ओ देऊन राह्यले, बाबा?" मिनल आतून म्हणाली.

"तुह्या मायनं नाव घेतलं माह्यं," रुपराव म्हणाले.