जीवरामचं डोकं दुखेना

धरणगावच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजवणाऱ्या माणसालाच अर्धशिशी असावी, यात देवाचा काय हेतू होता ते देवच जाणे. बावीस वर्षं जीवराम पहाटे सहाला भोंग्याची साखळी ओढत होता आणि गाव त्यावर घड्याळं लावत होतं. आठवड्यातून दोनदा तरी मात्र तो उजवं कानशील दाबून, ओकाऱ्या देत कापसाच्या ढिगात आडवा होई.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी मालक रुपचंदशेठ म्हणाले, "जीवराम, आठ दिवस रजा घे. बरा झाल्याची डॉक्टरची चिठ्ठी आण. नाहीतर या हंगामापासून साखळी तुझ्या हाताखालच्या पुनाकडे."

पुनाकडे! स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलेल्या पुनाकडे!

जीवराम जळगावला बहिणीकडे, बेबाबाईकडे उतरला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला प्राणवायूचं सिलिंडर दाखवलं. "दुखायला लागलं की लगेच या. मुखवट्यातून पंधरा मिनिटं देऊ, काहींना उतार पडतो. मुंबईला आरमाराकडे समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी लोखंडी कोठी असते म्हणतात. माणूस आत बसवून हवेचा दाब वाढवतात नि प्राणवायू देतात. तिचाही अर्धशिशीला किती उपयोग, मी छातीठोक सांगणार नाही. आपल्याकडे आपलं हेच."

दुखायला लागलं की! बावीस वर्षं न बोलावता येणारं दुखणं त्या दिवसापासून रुसलं. रोज सकाळी दात घासता घासता मेहुणे सुकदेव विचारत, "काय पाव्हना, दुखस का?"

"नही ना भो!" जीवराम ओशाळून सांगे.

शेजारच्या बाया चौकशीला येत आणि हिरमुसून परत जात. बेबाबाईने भावाला उपाशी ठेवलं, भर उन्हात गच्चीवर बसवलं, शेवटी त्याच्या कानाशी परात बडवली. अख्ख्या गल्लीची डोकी उठली, याचं तेवढं नाही.

सातव्या दिवशी जेवताना उजव्या डोळ्यापुढे काजवे चमकले. "उनं! उनं!" असं दुखणं आल्याचं ओरडत जीवराम खरकट्या हाताने दवाखान्याकडे धावला, मागे धोतर सावरत सुकदेव.

मुखवटा चढला, वायू सूं सूं करू लागला. आणि सहा रात्री दुखण्याची वाट पाहत जागलेला जीवराम पाचव्या मिनिटाला घोरू लागला.

दोन तासांनी उठला तर डोकं लख्ख. "लिहा साहेब, बरा झाला!"

डॉक्टरांनी लिहिलं : 'एकदा प्राणवायू दिला. डोकेदुखी थांबली. प्राणवायूने की झोपेने, सांगता येत नाही.'

"तेवढी शेवटची ओळ खोडा ना."

"खोटं कसं लिहू? आणखी दोन-चार वेळा देऊन पाहू, मग लिहीन."

"मग मी इथंच बसतो. पुन्हा दुखेपर्यंत उठत नाही!" जीवरामने बाकावर बैठक मारली.

"अहो, ते बाक आजाऱ्यांसाठी आहे."

"मग मी कोण?"

"आत्ता तर तुम्ही ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.

रजेचा एकच दिवस उरला होता. जीवराम बाकाच्या टोकाला सरकला, पण उठला नाही.