ओरखडा काढून वस्तू देणारे अच्युतराव

अच्युतराव नेर्लेकर यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या अंकात असं लिहिलेलं चालेल का, हे मी संपादक मंडळींना आधी विचारून घेतलं. ते म्हणाले, खरं असेल तर लिहा. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. या अंकात मोठमोठे इंजिनीअर आणि प्राध्यापक लिहिणार आहेत, त्यांच्यासारखं मला जमणार नाही. पण अच्युतरावांच्या वस्तू ज्या ओट्यावर वापरल्या जातात, त्या ओट्याच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं, म्हणून हे धाडस.

बाहेरदेशीचा रंगीबेरंगी माल पुण्याच्या दुकानांत नुकताच दिसू लागला होता, तेव्हाची गोष्ट. मी मात्र एक इथलंच उलथणं घेतलं होतं. त्याच्या दांड्याला खाली गुडघ्यासारखा बाक होता, त्यामुळे ओट्यावर ठेवलं तरी पातं अधांतरी राहायचं आणि ओटा खरकटा होत नसे. दिसायला विचित्र, पण कामाला चोख. मात्र एके दिवशी थालीपीठ उलटताना त्याची मूठ डुगडुगली. खोक्यावर नारायण पेठेतला पत्ता होता. मी उलथणं पिशवीत घातलं आणि भांडायलाच चालत गेले. दोन खोल्यांचा कारखाना, त्यात एक लेथ आणि निळा डगला घातलेले एक गृहस्थ. तेच अच्युतराव.

"किती दिवस वापरलंत?" त्यांनी विचारलं.

"एकशे बेचाळीस."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अंदाजे ना?"

"अंदाजे असतं तर दीडशे म्हणाले असते."

कोणती वस्तू कधी वापरायला काढली आणि कधी मोडली, हे मी घरच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूला लिहून ठेवत असे. अच्युतरावांनी दुसऱ्या दिवशी ती वही मागवून घेतली आणि उभ्या उभ्याच वाचून काढली. मुठीला एकाऐवजी दोन रिव्हेट मारून उलथणं परत दिलं आणि म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे काम कराल? पगार नाही. आम्ही देऊ त्या वस्तू वापरायच्या आणि खरं लिहायचं." घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "म्हणजे तक्रार करायचं काम आता बाहेरही मिळालं!"

अच्युतराव पूर्वी पिंपरीच्या एका कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवण्याच्या विभागात होते. नवं आर्थिक धोरण आलं, कारखान्याने माणसं कमी करायला घेतली आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली. बरोबरीच्या लोकांनी मिळालेले पैसे बँकेत ठेवले. यांनी लेथ घेतला. लोक विचारत, काय बनवणार? हे म्हणत, "घरात जे रोज त्रास देतं ते." दळणाचा डबा आठवा. त्याच्या झाकणावर फिरवायची चकती होती. एका बाजूला गहू, ज्वारी, भाजणी आणि दुसऱ्या बाजूला बारीक, जाड, 'गव्हावरच दळा'. गिरणीवाल्याला ओरडून सांगायला नको. तो डबा पाहून पहिल्यांदा सगळे हसले. मग आमच्या गिरणीवाल्यांनीच गिऱ्हाइकांना 'तसला डबा आणा' म्हणून सांगायला सुरुवात केली.

त्यांची काम करण्याची रीत मी इतरत्र कुठे पाहिली नाही. नवी वस्तू झाली की तिचे चार नमुने हाताने घडवायचे आणि चार घरी चार महिने द्यायचे. कशी वापरायची, ते मुळीच सांगायचं नाही. "सांगावं लागलं तर वस्तू अर्धवट आहे," असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी मला पोळपाट उलटा करून दाखवला. "पाय तीनच का, सांगा. चार असले तर एक कायम डुगडुगतो. तीन कधीच डुगडुगत नाहीत. हे ज्या कोणी शोधलं, त्याचं नाव कोणालाही ठाऊक नाही. असं काहीतरी आपल्या हातून व्हावं." त्यांची महत्त्वाकांक्षा म्हणाल तर एवढीच.

एक व्यापारी त्यांच्याकडे परदेशी भांड्याचा नमुना घेऊन आला होता. "नेर्लेकर, डोकं कशाला शिणवता? असंच ओता. महिन्यात खपेल." अच्युतरावांनी ते भांडं हातात फिरवून पाहिलं आणि परत केलं. "उत्तम आहे. पण ज्याने केलंय त्याच्या घरी फोडणी देत नसणार. दांडा वाफेच्या तोंडाशी आलाय." व्यापारी म्हणाला, "गिऱ्हाइकाला काय कळतंय?" अच्युतराव म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं दिवस मोजतात हो." मी कोपऱ्यात बसले होते. इतकी लाजले, की पदराआड हसू लपवावं लागलं.

आता जे लिहायचं आहे ते कठीण आहे. पण ते वगळून अच्युतरावांचा गौरव करायचा म्हणजे दुसरी लबाडी होईल.

त्यांनी तेलाची बुधली बनवली. काचेसारखी स्वच्छ आणि निमुळत्या तोटीची. तोटीवरून ओघळ येऊ नये आणि ओटा चिकट होऊ नये, हा हेतू. चारांतला एक नमुना माझ्याकडे आला. इतकी देखणी वस्तू आमच्या घरात तोवर आली नव्हती. मी ती धुतली, पुसली, मऊ फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. हळदीकुंकवाला काढू म्हटलं. आपल्याकडे बायका नवी कपबशी, नवी चादर, नवा डबा असाच जपून ठेवतात आणि जुन्यावर संसार करतात, तसंच माझं झालं. चार महिने भरत आले तेव्हा वहीची आठवण झाली. मग एका दुपारी बसून मी चार महिन्यांच्या नोंदी एकदम लिहून टाकल्या. 'ओघळ नाही. धार बारीक. ठीक.' पुन्हा 'ओघळ नाही.' अच्युतरावांनी वही वाचली आणि माझे आभार मानले.

पुढे एका शनिवारी मी मारुतीचा प्रसाद द्यायला कारखान्यात गेले, तर तिथे उत्साहाचं वातावरण. बुधलीच्या साच्याचं पोलाद सोमवारी कापायला देणार होते. अच्युतरावांनी कारखान्याची उरलीसुरली पुंजी त्या एका साच्यात घातली होती. पोलाद एकदा कापलं की पुन्हा जोडता येत नाही, आणि बुधली फसली तर कारखाना बंद होणार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. ते मला म्हणाले, "दोन घरांतून आलं होतं की चिकट होते म्हणून. पण तुमच्या वहीत तसं कुठेच नाही. म्हटलं, त्यांचीच ओतायची घाई असेल. दामलेवहिनी लिहितात ते खरं."

घरी कशी आले, मला आठवत नाही. रविवारी सकाळी देवासमोर बसले, पण स्तोत्र पुढे सरकेना. उठले, बुधली काढली आणि तेलाने भरली. त्या दिवशी मुद्दाम सकाळ-संध्याकाळ फोडणीचेच पदार्थ केले. रात्रीच्या जेवणाआधी बुधली उचलली तर ओट्यावर तेलाचं गोल कडं उमटलेलं.

सोमवारी मी बुधली तशीच, न पुसता, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि निघाले. पोचले तेव्हा अच्युतराव स्कूटरला किक मारत होते आणि साच्याच्या नकाशाची गुंडाळी पाठीला बांधलेली होती. मी समोर उभी राहिले. "अच्युतराव, जाऊ नका. मी खोटं लिहिलंय. मी ती वापरलीच नव्हती. काल वापरली. ओघळते."

त्यांनी स्कूटर बंद केली. चिकट बुधली हातात घेतली आणि तोटीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता हाकलून देतील, आणि ते योग्यच होईल. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुमनताई दारात आल्या. "दोन महिने माझाही ओटा चिकटतोय. सांगितलं तर म्हणे, तुझा हातच तेलकट! आता दामलेवहिनींनी सांगितलं, म्हणजे वेदवाक्य!"

अच्युतराव हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मला म्हणाले, "वहिनी, वापरली का नाहीत?"

"फार चांगली होती हो. खराब होईल वाटलं."

"मग चूक माझी. जी वस्तू कपाटात जाते, ती अजून वस्तूच झालेली नाही." त्यांनी नकाशाची गुंडाळी पाठीवरून काढून टेबलावर ठेवली. ठरलेलं काम त्यांनी त्या दिवशी थांबवलं. मला एका शब्दानेही टोचलं नाही, आज इतक्या वर्षांनीही नाही. वहीसुद्धा माझ्याकडेच ठेवली.

त्यानंतर मात्र त्यांनी एक पद्धत सुरू केली. कुठलाही नमुना घरी द्यायच्या आधी स्वतः कानस घ्यायचे आणि त्यावर ठसठशीत ओरखडा काढायचे. "घ्या. आता ही जुनी झाली. जपू नका." नवी वस्तू अशी मुद्दाम डागाळून देणारा कारागीर पुण्यात दुसरा नसावा. त्या ओरखड्यामुळे किती वस्तू कपाटात जाण्यापासून वाचल्या, ते आम्हा चार घरांतल्या बायकांनाच ठाऊक.

बुधलीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. कारखान्यात जोडणीचं काम करणाऱ्या रमाताई गायकवाड विश्रांतवाडीहून येत असत. हाताला अतिशय नेटक्या, बोलायला मोजक्या. अच्युतराव तोटीचे पंधरा प्रकार करून थकले होते, तेव्हा रमाताई म्हणाल्या, "सर, थेंबाला अडवू नका. त्याला परत आत जायला वाट द्या." तोटीभोवती बशीसारखी कड आणि तिच्यात एक बारीक भोक. ओघळलेला थेंब आपल्या पायाने पुन्हा बुधलीत! तीच बुधली आज घरोघरी आहे, आणि तिच्यावरच कारखाना उभा राहिला. खोक्यावर 'रचना : रमा गायकवाड' असं अच्युतरावांनी छापून घेतलं. छपाईवाला म्हणाला, "मालकांचं नाव राहिलं." अच्युतराव म्हणाले, "मालकाने ओतून दाखवलं, सुचलं त्यांना." पहिलं खोकं रमाताईंनी घरी बाबासाहेबांच्या तसबिरीजवळ ठेवलं आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं, आणि त्यांच्या हातचा चहा पिऊन आले.

माझी मुलगी संगणक कंपनीत लागली आणि हिंजवडीला जाऊ लागली, तेव्हा तिच्या डब्यातली आमटी लॅपटॉपच्या पिशवीत सांडली. मी कारखान्यात सहज बोलले. पुढचे कित्येक दिवस अच्युतराव स्वतः घडवलेल्या डब्यात, गळलं तर दिसावं म्हणून, कुंकवाचं पाणी भरून, तो स्कूटरला उलटा बांधून, सगळ्यात जास्त खड्डे असलेल्या रस्त्यांवरून फिरत होते. सिग्नलला लोक विचारत, "काका, काय गळतंय?" हे सांगत, "काही गळत नसेल तर बरं!" तो डबा आता आयटीतली कितीतरी मुलं नेतात. आमटी कोणाच्या काळजीमुळे जागेवर राहते, ते त्यांना माहीत नाही. अच्युतरावांना तसंच हवं असतं.

आमच्या सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडली आणि जपमाळ ओढता येईना. त्या दिवसभर खिन्न असत. अच्युतराव देवळात जाणारे नव्हेत, आणि त्यावरून आमचा वाद कायमचा. पण त्यांनी सत्तावीस मण्यांची माळ करून आणली. मणी बोराएवढे, प्रत्येकाला एक चपटी बाजू, चार फेऱ्या झाल्या की एकशे आठ. मी म्हटलं, "तुमचा तर देवावर विश्वास नाही." म्हणाले, "आजींचा आहे ना? अडचण बोटांची आहे, देवाची नाही." सासूबाई शेवटपर्यंत त्याच माळेवर जप करीत होत्या. तशी माळ अच्युतरावांनी कधी विकायला काढली नाही.

आता अच्युतरावांचा हात थरथरतो. हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिहा, लपवायचं काय त्यात?" म्हणाले. गेले वर्षभर ते थरथरत्या हातांसाठी चहाचा पेला घडवत आहेत. बूड जड, कड आत वळलेली आणि कान दोन्ही बाजूंना. नमुना वापरून पाहणारे या वेळी ते स्वतःच. येणारे-जाणारे प्रेमाने म्हणतात, "वा, छान झालाय, झालाच की!" गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा ते त्याच पेल्यातून चहा घेत होते. त्यांनी पेला खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सांडतो. तिसऱ्या घोटाला, डाव्या बाजूने."

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "वाटलंच मला! सगळे आपले छान छान म्हणतात. सुमन, कागद आण. अजून निदान दोन वर्षांचं काम आहे हे."

अच्युतराव, मी रोज देवाला हात जोडते. आपण जोडत नाही, म्हणून आपल्या वाटचे मीच जोडते. हा पेला न सांडणारा होईपर्यंत आपल्याला निरोगी आयुष्य लाभो. आणि तो झाला, की त्या दिवशी घरात दुसरी एखादी वस्तू आपल्याला मनापासून त्रास देवो, आणि तिच्यासाठी लागतील तेवढी वर्षं देव आपल्याला पुन्हा देवो.

– सौ. मालती दामले