तिसऱ्या गल्लीशी घासणारं चाक

भूतबीत मी कधीच मानलं नाही. सगळी उमर भाताच्या गोदामांत गेली, तिथे उंदरांशिवाय कुणी दिसलं नाही. तरी हे लिहितोय, कारण मनात ठेवून थकलोय...

सिहोऱ्याजवळच्या एका राइस मिलमध्ये मी फोर्कलिफ्ट चालवतो. हिची वळणारी चाकं मागची. गाडी जागेवर उभी ठेवून स्टेअरिंग फिरवलं की टायर फरशीवर घासतो, म्हणून थोडी सरकवतच वळवायची. हवा कमी असली, बेअरिंग गेलं असलं, तरी घासतो. हे सगळं मला पाठ आहे.

पावसाळा सरला आणि गाडी घासायला लागली. तेही फक्त गोदामात पोत्यांच्या थप्प्यांमधल्या तिसऱ्या गल्लीकडे वळताना! चाक वळलेलं, गाडी मात्र सरळच ओढली जायची... फरशीवर काळे पट्टे. मेकॅनिकनं हवा तपासली, बेअरिंग बदललं, टायरही नवे टाकले. पुन्हा तेच. शेवटी गल्लीच्या तोंडाशीच पोती टाकून मी मागे फिरायचो.

हमाल म्हणाले, "लिंबू ठेवा ना जी चाकाखाली."

"दसऱ्याले ठेवलं होतं ना!" मी वैतागलो. ठेवलं होतं ते पुढच्या चाकांखाली, नेहमीसारखं. वळतात मागची, पण पूजा पुढच्यांची.

मॅनेजरसाहेबांनी एक दिवस सुनावलंच, "गाडीत काहीच खराबी नाही, तुलेच वळवता येऊन नाही राहिली. दुसरा माणूस आण."

रोजी घरातच राहावी म्हणून साळ्याला आणलं, प्रदीपला. त्यालाही फोर्कलिफ्ट येत होती. सकाळी तो गाडीवर बसला, मी दाराशी पोती उतरवत होतो. तिसऱ्या गल्लीशी गाडी वळली. जराही घासली नाही.

"भाऊजी, हे त मस्त वळून राहिली!" तो हसत ओरडला.

गाडी आत गेली आणि पोत्यांची अख्खी थप्पी त्याच्यावर आली. खालची पोती ओल लागून सडली होती, बाहेरून कुणालाच कळलं नव्हतं. आम्ही हातांनी पोती उपसली. प्रदीप जगला, पण एक पाय कायमचा गेला.

गाडी आता पुन्हा माझ्याकडेच आहे. कुठेच घासत नाही. मेकॅनिक म्हणतो, योगायोग. असेलही... पण मग ती माझ्यासाठीच का अडत होती, हे त्यालाही सांगता येत नाही.

यंदा दसऱ्याला मागच्या चाकांना हळदकुंकू लावलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भावासाठी भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली,

"तुमाले वाचवलं तिनं. मंग माह्या भावाले काहून नाही?"

मी हातपाय धुतले आणि प्रदीपशेजारी जेवायला बसलो.