सुतकाचा ठराव

लिफ्टचं दार उघडलं. आईला आधी आत घेतलं, आणि मागून आवाज आला.

"अहो मॅडम, आपण जिन्याने जा. सुतक आहे ना आपल्याला."

सोसायटीचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक. हातात दुधाची पिशवी आणि चेहऱ्यावर, कुणाला रांगेत मागे जायला सांगताना असतं, तसलं हसू. बाबा गेले त्याचा तिसरा दिवस होता. आम्ही राख सावडून परतलो होतो. आईचे गुडघे गेलेले आणि आमचं घर सातव्या मजल्यावर. मी म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात सुतक पाळत नाहीत.

ते म्हणाले, "आपण पाळत नाही, मान्य. पण विटाळ होतो तो आम्हाला."

विटाळ. पुण्याजवळच्या मांजरी गावातली नवीकोरी इमारत, डोक्यावर सीसीटीव्ही, भिंतीवर हस्तांदोलनाचं गुळगुळीत चित्र, आणि तो शब्द. त्यांना जीभ चावावीशीही वाटली नाही. आई आपणहून बाहेर आली आणि जिना चढायला लागली. प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबत होती. मी मागे. रागाने माणूस तापतो म्हणतात. मी गार पडले होते. मला किळस आली होती. घासात केस निघाल्यावर येते ना, तशी.

हा नियम कुठून आला ते सांगते. आदल्या वर्षी गणपतीत दुसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब आरतीला आलं. त्यांचे चुलते नुकतेच वारले होते. त्याच आठवड्यात पाण्याची मोटार जळाली. वायरिंग हलक्या प्रतीचं आहे, असं मोटार दुरुस्त करायला आलेल्याने स्वच्छ सांगितलं. पण शिकल्यासवरल्या लोकांना ते कारण फार साधं वाटलं. सर्वसाधारण सभेत ठराव झाला: ज्या घरात मृत्यू झाला त्या घराने सुतक संपेपर्यंत लिफ्ट आणि हॉल वापरू नये. धर्म कुठलाही असो. ही शेवटची ओळ घालून आपण किती समतावादी आहोत, यावर मंडळी खूश झाली. विरोधात हात एकच वर झाला, माझ्या बाबांचा. मार्केट यार्डात जन्मभर पोती वाहिलेला हात. अध्यक्षांनी विचारलं, तुमच्यात सुतक नसतंच, मग तुम्हाला काय त्रास. सभा हसली. बाबा घरी येऊन म्हणाले, हसू देत, हात तर दिसला.

आता त्यांच्याच पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, हॉल हवा होता. बाबांनी हप्ते फेडत घेतलेल्या घराच्या खाली, बाबांच्याही वाट्याचा हॉल. आईचं एवढंच मागणं होतं. यार्डातली माणसं येतील, विहारातली येतील, त्यांना खुर्चीवर बसवायचं, पाणी द्यायचं, बाबांचा फोटो मधोमध ठेवायचा. रस्त्यात मांडव नको, म्हणाली. रस्त्यात खूप झालं आयुष्य.

मी अध्यक्षांकडे गेले. आई हट्टाने सोबत आली. त्यांनी दार उघडलं, आत मात्र बोलावलं नाही. आम्ही पायपुसण्याच्या अलीकडे उभ्या. इमारतीतल्या त्यांच्या वयाच्या बायकांना ते वहिनी म्हणतात. माझ्या आईला मावशी म्हणतात. धुणंभांडी करणाऱ्या बाईंनाही मावशीच म्हणतात. हे मला रोज दिसायचं, त्या दिवशी टोचलं.

हॉल मिळणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, असा नियम सोसायटीला करताच येत नाही, कायद्यात बसत नाही. तेव्हा ते खुलले. जन्मभर राज्यशास्त्र शिकवलेला माणूस. मला समजावायला लागले की कायदा म्हणजे शेवटी धर्माचाच अर्क. आपल्या देशाने तो बाहेरून उसना घेतला, म्हणून कुणी मनापासून पाळत नाही. धर्मच कायदा असता तर पोलिसांची गरज पडली नसती. मी विचारलं, कुणाचा धर्म?

"बहुसंख्यांचा, अर्थातच. बाकीच्यांना आपण सांभाळून घेऊच की."

सांभाळून घेऊ. या माणसाच्या देशात माझी जागा ही होती, पायपुसण्याच्या अलीकडे, सांभाळून घेतलेली.

मग त्यांनी सांभाळून घेऊन दाखवलं. आतून एक छोटी बाटली आणली. गोमूत्र. ते म्हणाले, हातावर दोन थेंब घ्या, प्राशन करा, उरलेलं घरात शिंपडा, म्हणजे सुतक फिटलं असं आम्ही धरू. हॉलही देऊ.

आणि माझ्या आईने हात पुढे केला.

नुसता हात नाही, दोन्ही हातांची ओंजळ. खाली वाकून. लहानपणी गावात तिला वरून पाणी ओतायचे, अंतर ठेवून, ती ओंजळ धरून प्यायची. पुण्यात येऊन, पोरीला इंजिनिअर करून, सातव्या मजल्यावर राहून तिच्या हातांना अजून ते सगळं पाठ होतं. समोरचा वरून काही ओततोय म्हटल्यावर हात आपोआप वळले. ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, एवढ्याने हॉल मिळतोय तर घेऊ गं.

"आई, हात खाली घे," मी म्हटलं. तिने घेतले नाहीत. मग मी तिची ओंजळ माझ्या दोन्ही हातांनी मिटवली आणि मिटवूनच तिला तिथून नेलं. मला किळस आली. त्या बाटलीची किळस, त्या माणसाची किळस, आणि खरं सांगते, क्षणभर त्या ओंजळीचीही. ती ओंजळ ज्यांनी घडवली त्यांचीही पुस्तकं होती. त्यांच्यासाठी ती धर्माची पुस्तकंच कायदा होती.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या ताई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. त्या मूळच्या चंद्रपूरकडच्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्याने जेवण द्यायचं, हे त्यांचंही आणि आमचंही. सासू गेली तेव्हा त्यांनी सगळं सुतक पाळलं होतं, देवघरात दिवाही लावला नव्हता. आमच्या हातचं पाणी प्यायल्या, आईजवळ बसल्या, गुडघ्यांना तेल लावून दिलं. त्यांच्या सुतकाचा मला कधी त्रास झाला नाही. ते त्यांच्या देवघरात होतं. लिफ्टच्या दारात उभं नव्हतं.

मामा आले तेव्हा हे सगळं त्यांच्या कानावर गेलं. मामा विहाराचं काम बघतात, तापट माणूस. म्हणाले, आपली सत्ता येऊ दे, मग धम्माचाच कायदा करू, यांच्या पूजाअर्चा बंद, मग कळेल. घरातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अध्यक्ष जिना चढताहेत, धापा टाकताहेत, असं चित्रही डोळ्यांसमोर आलं. पण त्यांच्या मागून पिठल्याचं भांडं घेऊन ताईही चढताना दिसल्या. मी मामांना म्हटलं, मग आपणही त्यांना सांभाळूनच घेणार ना? मामा चिडले. शिकून शहाणी झालीस, म्हणाले. त्या रात्री आमच्याकडे जेवले नाहीत.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष स्वतः वर आले. लिफ्टने. मी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे ठरावाविरुद्ध तक्रार दिल्याचं त्यांना कळलं असावं. आवाजात साखर होती. म्हणाले, समितीने विचार केला आहे, आपल्यापुरती सवलत देऊ, हॉल घ्या, फक्त तक्रार मागे घ्या, ठराव राहू दे. आईने दारातून ऐकलं. तिचे डोळे माझ्यावर होते. तिला हॉल हवा होता आणि तो आता समोर होता.

"मला सवलत नको," मी म्हटलं. "ठराव काढा."

"मग हॉल नाही."

"मग नाही."

आई त्या रात्री भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप होतं. आम्ही कुलपासमोर सतरंज्या टाकल्या. बाबांचा फोटो त्या बंद दाराला टेकवला. यार्डातली माणसं जमिनीवर बसली, मामा रुसवा सोडून आले, ताई आल्या. आईला खुर्ची आणली तर ती बसली नाही. त्रिशरण म्हणताना तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पण तिने मला माफ केलेलं नाही. नवऱ्याला मी रस्त्यात आणलं, असं तिला वाटतं. वाटू दे. हे मला गिळावं लागेल.

सुनावण्या चालू आहेत. सोसायटीत ताई सोडल्या तर माझ्याशी कुणी बोलत नाही. अध्यक्ष लिफ्टमध्ये असले तर मी आत शिरते आणि तेच उतरतात. तो ठराव रद्द होईपर्यंत मी तारखांना जाणार. आणि उद्या मामांची सत्ता आली, माझ्याच धम्माची चांगली वचनं नियम म्हणून लिफ्टशेजारच्या त्याच भिंतीवर लागली, आणि ती न पाळणाऱ्या एखाद्या बाईला कुणी जिन्याने पाठवलं, तर तो कागदही मीच फाडणार. मामांच्या देखत.